एल्क आणि मूससाठी ब्रॉडहेडची निवड: आधी बाणाचा विचार, मग टोकाचा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आजवर व्हाइटटेल हरणांची शिकार आपण ६२ पौंड ओढीच्या कंपाऊंड (कप्प्यांच्या) धनुष्याने, २८ इंचांच्या ड्रॉने म्हणजे दोरी ओढण्याच्या लांबीने, ४१० ग्रेन (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) वजनाच्या बाणाने आणि लागताच पाती २ इंच उघडणाऱ्या मेकॅनिकल ब्रॉडहेडने, म्हणजे बाणाच्या धारदार शिकारी टोकाने, केली आहे. येत्या सप्टेंबरात अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये एल्कसाठी जायचे ठरले आहे, पुढे मूसचाही विचार आहे (दोन्ही व्हाइटटेलपेक्षा कितीतरी मोठी हरणे). तर हेच ब्रॉडहेड चालेल का, आणि बदलायचे झाल्यास कोणते घ्यावे?

आपल्या धनुष्यावर ते ब्रॉडहेड मी एल्कसाठी नेणार नाही. त्याऐवजी १५० ग्रेनचे, स्थिर पात्यांचे, मुख्य दोन पाती आणि आडवी छोटी ब्लीडर पाती असलेले दणकट ब्रॉडहेड घ्यावे आणि बाणाचे एकूण वजन ५०० ग्रेनच्या आसपास न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसते नाव सांगून मी थांबत नाही, कारण ब्रॉडहेड एकटे निवडता येत नाही. ते बाणासह, धनुष्यासह आणि ज्या प्राण्यावर सोडायचे त्याच्या शरीररचनेसह निवडावे लागते. शिवाय ते मनासारख्या लागलेल्या बाणासाठी निवडायचे नसते. दोन बरगड्यांच्या मधून दोन्ही फुप्फुसांत गेलेला बाण कोणत्याही धारदार ब्रॉडहेडने काम करतो. निवडीचा कस लागतो तो बाण चार बोटे पुढे किंवा वर लागला, प्राण्याने ऐन वेळी पाऊल टाकले, वाटेत जाड हाड आले, तेव्हा.

प्रथम ब्रॉडहेड मारते कसे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. वेगवान रायफलची गोळी आजूबाजूच्या ऊतींना मोठा धक्का देऊन त्या उद्ध्वस्त करते. बाणाच्या वेगात ते सामर्थ्य नाही. बाण फक्त कापतो, आणि प्राणी मरतो तो रक्तस्रावाने, तसेच दोन्ही फुप्फुसे कापली गेली तर ती निकामी होऊन श्वास बंद पडल्याने. म्हणून पात्याची धार ही चैनीची गोष्ट नव्हे. सगळा मारा तिच्यावरच उभा आहे. बोथट पाते लवचिक रक्तवाहिनीला बाजूला ढकलून पुढे जाते, तर धारदार पाते तिला स्पर्शासरशी कापते. जखम फाटलेली, चुरगळलेली असली की इजा झालेल्या ऊतींमधून रक्त गोठवणारे घटक अधिक प्रमाणात बाहेर पडतात आणि गुठळी लवकर धरते. स्वच्छ कापलेल्या वाहिनीतून रक्त अधिक वेळ वाहत राहते. दोन्ही फुप्फुसे अशी स्वच्छ कापली गेली तर एल्कएवढा प्राणीही बहुधा काही सेकंदांतच कोसळतो, आणि शिकारी त्या प्राण्याचे एवढे देणे लागतोच.

आता प्राण्यातला फरक पाहू. पूर्ण वाढलेला व्हाइटटेल नर साधारण ७० ते १०० किलोंचा, क्वचित त्याहून मोठा असतो. एल्कचा नर ३०० ते ३५० किलोंपर्यंत जातो आणि अलास्कातला मूस ५०० किलो सहज ओलांडतो. वजन तिप्पट झाले म्हणून छातीची खोली तिप्पट होत नाही, परंतु कातडे जाड होते, केस दाट होतात, बरगड्या रुंद होतात आणि बाणाला कापत जायचे अंतर बरेच वाढते. खांद्याची रचना तर प्रत्येक धनुर्धाऱ्याने चित्र काढून पाठ करावी अशी आहे. खांद्याचा सांधा छातीच्या पुढच्या कडेला असतो. तेथून चपटे हाड वर आणि मागे जाते, तर दंडाचे हाड खाली आणि मागे कोपराकडे येते. या दोहोंमध्ये मागच्या बाजूला उघडणारी एक पाचर तयार होते आणि हृदय व फुप्फुसांचा मोठा भाग त्या पाचरीत आणि तिच्या मागे असतो. चपट्या हाडाचा वरचा भाग पातळ आहे. चांगला बाण तो भेदून जाऊ शकतो. पण त्याच हाडावरचा उभा कणा आणि खालचा सांधा ही फार वेगळी गोष्ट आहे. तेथे लागलेले हलके ब्रॉडहेड वाकते, त्याची पाती तुटतात किंवा बाण काही इंच जाऊन थांबतो, आणि जखमी प्राणी डोंगर ओलांडून निघून जातो.

त्यामुळे पहिला हिशेब बाणाचा. आपला ४१० ग्रेनचा बाण सेकंदाला सुमारे २७० फुटांनी जात असेल असे धरू. ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, या सूत्राने त्याची गतिज ऊर्जा ६६ फूट-पौंड येते. वजन गुणिले वेग, भागिले २,२५,४०० या सूत्राने संवेग ०.४९ येतो. त्याच धनुष्यातून ५०० ग्रेनचा बाण सोडला तर वेग २४६ फुटांच्या आसपास उतरेल. ऊर्जा ६७, म्हणजे जवळजवळ तीच राहील, कारण जड बाण धनुष्याची साठवलेली ऊर्जा थोडी अधिक चांगली उचलतो. पण संवेग ०.५५ होईल, म्हणजे सुमारे अकरा टक्क्यांनी वाढेल. मांस, कातडे आणि हाड यांचा अडथळा ओलांडून बाण किती वेळ पुढे ढकलत राहतो हे समजायला संवेग हा ऊर्जेपेक्षा चांगला मापदंड आहे, असे माझे ठाम मत आहे. वेष्टनांवर छापलेले ऊर्जेचे आकडे त्या मानाने फार थोडे सांगतात.

वेग कमी झाला की बाण जास्त खाली येतो, ही आपली शंका रास्त आहे. तिचेही उत्तर आकड्यांतच आहे. हवेचा अडथळा सोडून दिला तर ४० यार्डांवर जड बाण हलक्या बाणापेक्षा सुमारे ८ इंच अधिक खाली येतो, पण साइटच्या, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाच्या, पिना नव्याने लावल्या की तो फरक उरत नाही. उरतो तो अंतराच्या अंदाजातल्या चुकीचा परिणाम. ४० यार्डांवर अंदाज २ यार्डांनी चुकला तर हलका बाण सुमारे २ इंचांनी चुकतो आणि जड बाण सुमारे २.४ इंचांनी. एका इंचाहून कमी असलेल्या या तोट्याच्या बदल्यात भेदनक्षमतेत जे मिळते ते मला कितीतरी मोलाचे वाटते, विशेषतः आज प्रत्येकाच्या गळ्यात अंतरमापक असताना.

हे जास्तीचे वजन कोठे घालायचे? पुढे. टोक १०० ग्रेनचे असेल तर १५० चे घ्यावे आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या इन्सर्टच्या (टोक ज्यात फिरवून बसवतात त्या बाणाच्या तोंडातल्या नळीच्या) जागी ५० ग्रेनचे पितळी इन्सर्ट बसवावे. बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे याची टक्केवारी आपल्या सध्याच्या बाणात ११ च्या आसपास असेल; या बदलाने ती १७ च्या जवळ जाईल. पुढे जड असलेला बाण हाडाला लागताना मागून कमी वळवळतो आणि त्याची पिसे त्याला लवकर सरळ करतात. एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही: पुढचे वजन वाढले की शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, सुटताना जास्त वाकतो, म्हणजे तो प्रत्यक्षात मऊ पडतो. आज आपण ३४० स्पाइनचा (स्पाइन म्हणजे ताठपणाचे माप; आकडा लहान तितका शाफ्ट ताठ) शाफ्ट वापरत असाल तर ३०० चा घ्यावा लागेल. तो थोडा जडही असतो, त्यामुळे एकूण वजन आपोआप ५०० च्या जवळ येते. जुन्याच शाफ्टवर जड टोक चढवून पाहणारे आणि मग ब्रॉडहेड नीट उडत नाही अशी तक्रार करणारे अनेकजण मला भेटतात. दोष बहुतेक वेळा ब्रॉडहेडचा नसतो.

आता मेकॅनिकल ब्रॉडहेडबद्दल. त्यांना सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. पाती मिटलेली असल्याने ती सरावाच्या टोकासारखी उडतात, वाऱ्यात कमी भरकटतात, आणि नीट उघडली तर २ इंचांचा काप देतात. व्हाइटटेलवर रक्ताचा माग त्यांच्यामुळे फार ठळक मिळतो. पण ही पाती उघडण्याचे काम बाणाच्याच ऊर्जेतून होते आणि उघडल्यानंतर दोन इंचांचा काप ओढत नेण्याचे कामही तिनेच करायचे असते. रुंद काप म्हणजे प्रत्येक इंचाला अधिक रोध. पुढून उलटून उघडणाऱ्या जुन्या रचनेत पाती कातड्यावरच बरीच शक्ती खातात. मागे सरकत उघडणारी रचना त्या मानाने चांगली आहे. तरीही दोन्हींमध्ये पाती पातळ असतात, एका खिळीवर तोललेली असतात, आणि तिरप्या कोनात बरगडीला लागल्यास एक पाते आधी धरते व बाण बाजूला झटका खातो. ७५ पौंड ओढीचे, ३० इंच ड्रॉचे धनुष्य आणि जड बाण असलेल्या शिकाऱ्याने, लहान कापाचे मेकॅनिकल ब्रॉडहेड एल्कवर वापरले तर माझी हरकत नाही. ६२ पौंड आणि २८ इंचांवर मात्र शिलकीत तेवढी ताकद नाही. जेथे ताकद मोजकी आहे तेथे ती पाती उघडण्यात खर्च करू नये.

स्थिर पात्यांच्या ब्रॉडहेडमध्ये निवड मुख्यतः दोन आणि तीन पात्यांमध्ये असते. येथे भूमिती समजून घेतली की जाहिरातींची गरज उरत नाही. दीड-दोन दशकांपूर्वीपर्यंत हे गणित फार थोडे शिकारी मांडत. आता ते सर्रास चर्चिले जाते, ही चांगली गोष्ट आहे. १ १/८ इंच रुंदीच्या दोन पात्यांच्या ब्रॉडहेडचा एकूण काप १ १/८ इंचच असतो. तेवढ्याच रुंदीच्या तीन पात्यांच्या ब्रॉडहेडमध्ये प्रत्येक पाते मध्यापासून ९/१६ इंच कापते, म्हणजे एकूण काप जवळजवळ १.७ इंच होतो. जखम त्रिकोणी असल्याने ती सहज मिटत नाही, हा तीन पात्यांचा खरा फायदा. दोन पात्यांची जखम सरळ चिरेसारखी असते. कातडे सरकले की ती झाकली जाऊ शकते आणि दाट केसांत बरेच रक्त मुरते. उलट बाजूने पाहिले तर ब्रॉडहेड ही एक पाचर आहे, आणि पाचर जितकी लांब व अरुंद तितकी ती कमी जोरात आत जाते. धारेची लांबी भागिले एकूण काप, असे गुणोत्तर काढले तर ३ इंच लांब व १ इंच रुंद दोन पात्यांच्या ब्रॉडहेडचे ते ३ येते, आणि इंचभर लांबीच्या, १ १/८ इंच रुंदीच्या आखूड तीन पात्यांच्या ब्रॉडहेडचे सुमारे ०.६. हाडावर हा फरक फार मोठा ठरतो.

या विषयावर सर्वांत चिकाटीने काम केले ते डॉ. एड ॲशबी यांनी. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात त्यांनी सुरू केलेला अभ्यास पुढे अनेक वर्षे चालू राहिला. त्यात त्यांनी भेदनावर परिणाम करणाऱ्या घटकांचा क्रम लावला. त्यात पहिले स्थान बाण आणि टोक यांच्या शाबूत राहण्याला दिले, दुसरे बाणाच्या निर्दोष उड्डाणाला. बाणाचे वजन त्यांच्या यादीत त्यानंतर बरेच खाली आहे, हे त्यांच्या नावाने फक्त जड बाणांचा प्रचार करणारे विसरतात. जड हाड भेदण्यासाठी सुमारे ६५० ग्रेनचा उंबरठा त्यांनी सांगितला, तोही खरा आहे. पण तो मोठ्या हाडावर थेट बसलेल्या बाणासाठी आहे. एल्कवर दर वेळी तेवढे वजन हवेच असे मी मानत नाही. आपल्या धनुष्यातून ६५० ग्रेनचा बाण इतका हळू जाईल की ३० यार्डांपलीकडे अंतराची छोटी चूकही महागात पडेल. ५०० ग्रेन ही माझ्या दृष्टीने आपल्यासाठी योग्य तडजोड आहे. ॲशबी यांच्या क्रमातली पहिली दोन स्थाने मात्र तडजोडीची नाहीत.

एकाच बाजूने धार लावलेल्या, म्हणजे सिंगल बेव्हल पात्यांबद्दलही आपण वाचले असेलच. अशा ब्रॉडहेडची दोन पाती विरुद्ध बाजूंनी तासलेली असतात, त्यामुळे आत शिरताना ते पिळले जाते आणि हाडात हा पीळ फट पाडतो. सपाट हाडाला नुसते भोक न पडता ते दुभंगते, आणि मागून येणाऱ्या शाफ्टला जागा मिळते. हे खरोखर घडते. परंतु धारेची दिशा आणि पिसांची दिशा एक असली पाहिजे. उजव्या बेव्हलला उजव्या पिळाची पिसे, डाव्याला डाव्या. उलट जोडी जमवली तर बाण हवेत एका बाजूला फिरत येतो, शरीरात शिरल्यावर पाते त्याला दुसऱ्या बाजूला फिरवू पाहते, आणि पाते उलटे फिरू लागण्यापूर्वी आधीचे फिरणे थांबवण्यात ताकद वाया जाते. पिसे नव्याने चिकटवायची तयारी नसेल तर दुहेरी बेव्हलचे ब्रॉडहेड घ्यावे. एल्कसाठी ते पुरेसे आहे.

ब्लीडर पात्यांची कल्पना नवी नाही. अमेरिकन धनुष्य-उत्पादक फ्रेड बेअर यांनी १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या रेझरहेडमध्ये दोन मुख्य पात्यांना आडवे असे एक पातळ, काढता येणारे पाते होते, आणि आजची बरीच ब्रॉडहेड त्याच कल्पनेवर चालतात. मुख्य पाती हाड फोडतात. आडवी छोटी पाती मऊ ऊतींत काप रुंदावतात आणि जखम चिरेसारखी मिटू देत नाहीत. जड हाडावर ब्लीडर तुटले तरी मुख्य पाते पुढे जाते. आपल्यासाठी मी हीच रचना सुचवतो, याचे कारण दोन पात्यांची भेदनक्षमता आणि चार पात्यांच्या जवळ जाणारा माग, दोन्ही तीत बऱ्याच अंशी मिळतात. दुसरी निवड म्हणून एकाच धातूच्या ठोकळ्यातून कापून काढलेले, १ १/८ इंच रुंदीचे, लांबट तीन पात्यांचे ब्रॉडहेड. अशा ब्रॉडहेडची तिन्ही पाती सपाट दगडावर दोन-दोन करून टेकवता येतात, त्यामुळे धार लावणे अगदी सोपे जाते.

बांधणी पाहताना पाते किती जाड आहे हे विचारावे. बदलता येणारी पाती बहुधा ०.०२७ ते ०.०४० इंच जाडीची असतात. एकसंध दोन पात्यांच्या ब्रॉडहेडमध्ये ०.०६० इंच किंवा अधिक जाडी मिळते. पोलादाची कठीणता रॉकवेल मापावर साधारण ५२ ते ५८ च्या दरम्यान असावी. फार मऊ असेल तर हाडावर धार मुडपते, फार कठीण असेल तर टोक तडकते, आणि तडकलेल्या टोकाने पुढचे सगळे बिघडते. सुईसारख्या बारीक अग्रापेक्षा किंचित जाड, छिन्नीसारखे तासलेले अग्र मला अधिक पसंत आहे, कारण ते बरगडीवर वाकून हुकासारखे होत नाही. आणि मागचा भाग विसरू नये: बळकट ब्रॉडहेड कच्च्या इन्सर्टवर बसवले तर धक्का इन्सर्टवर येतो, कार्बन शाफ्टचे तोंड फुलते आणि बाण जागीच संपतो. शाफ्टच्या तोंडावर ॲल्युमिनियमची किंवा पोलादी कॉलर चढवणे हा अत्यंत स्वस्त विमा आहे. पात्यांना खिडक्या असलेली ब्रॉडहेड हवेत शिटी घालतात, भरीव पाती शांत असतात पण वाऱ्यात थोडी अधिक ढकलली जातात. हा मुद्दा मी दुय्यम मानतो.

आता त्या कामाकडे येतो ज्यावर मी सर्वांत अधिक भर देतो, आणि जे सर्वांत अधिक टाळले जाते: ब्रॉडहेड आणि धनुष्य यांचे जुळणे. स्थिर पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला बसवलेले छोटे पंख. बाण धनुष्यातून किंचित जरी तिरका सुटला तरी ते पंख हवा धरतात आणि मागच्या पिसांशी झगडतात. सरावाच्या गुळगुळीत टोकाने ही तिरपट झाकली जाते, ब्रॉडहेडने ती उघडी पडते. आधी बाण तपासावा: ब्रॉडहेड बसवलेला बाण उभा धरून, अग्र एखाद्या कठीण सपाट पृष्ठावर टेकवून बोटांनी भिंगरीसारखा फिरवावा आणि टोक शाफ्टला जेथे मिळते त्या सांध्याकडे नजर ठेवावी. तेथे थरथर दिसली तर दुसरे टोक लावून पाहावे. तरीही दिसली तर शाफ्टचे तोंड काटकोनात कापलेले नाही किंवा इन्सर्ट तिरके बसले आहे. असा बाण सरावासाठी ठेवावा, शिकारीसाठी नव्हे. प्रत्येक ब्रॉडहेड वजनकाट्यावर ठेवून ग्रेन-दोन ग्रेनच्या आत जुळवून घ्यावे.

त्यानंतर ३० यार्डांवर, आणि हात स्थिर असेल तर ४० यार्डांवर, सरावाच्या टोकांचे आणि ब्रॉडहेडचे बाण आलटून पालटून सोडावेत. एका बाणावरून काहीही ठरवू नये, समूह पाहावेत. ब्रॉडहेडचा समूह डावीकडे पडत असेल तर रेस्ट (धनुष्यावर बाण ज्यावर टेकतो तो आधार) उजवीकडे, उजवीकडे पडत असेल तर डावीकडे. वर पडत असेल तर रेस्ट खाली, खाली पडत असेल तर वर. थोडक्यात, रेस्ट सरावाच्या समूहाच्या दिशेने न्यायची. एका वेळी १/३२ इंचाहून अधिक सरकवू नये आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा दोन्ही समूह घ्यावेत. दोन्ही समूह एकमेकांत मिसळले की मगच साइट हलवावी. हे काम करताना साइट हलवून ब्रॉडहेड मध्यभागी आणण्याचा मोह होतो. तसे केले तर बाण मध्यात लागेल, पण तो तिरका उडतच राहील, आणि तिरका लागलेला बाण आपली बरीचशी ताकद शाफ्ट वाकवण्यात घालवतो. भेदनक्षमतेचे जे गणित वर मांडले ते सरळ उडणाऱ्या बाणाचे आहे. समूह कशानेच जुळत नसतील तर स्पाइन तपासावा, पिसे रेस्टला घासत आहेत का ते पावडर मारून पाहावे, आणि आपण मूठ पिळत नाही ना, हेही कोणाला तरी बघायला सांगावे.

सरावात वापरलेले ब्रॉडहेड त्याच धारेने शिकारीला नेऊ नये. फोमचे लक्ष्य धार फार लवकर मारते. धार लावण्यासाठी हिऱ्याचे सपाट दगड आणि शेवटी चामड्याचा पट्टा पुरतो. बेव्हलवर मार्कर पेनाने शाई लावून दगडावर दोन हात फिरवावेत. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन बरोबर, फक्त वरच्या किंवा खालच्या कडेची गेली तर हात तिरका पडतो आहे. पलीकडच्या बाजूला नखाला बारीक कंगोरा लागेपर्यंत एक बाजू घासावी, मग दुसरी, आणि शेवटी चामड्यावर तो कंगोरा काढून टाकावा. मनगटावरचे केस निघाले म्हणून समाधान मानू नये. एका रिकाम्या खोक्यावर रबर बँड सैलसर ताणून त्यावर पाते अलगद टेकवावे: चांगली धार रबराला स्पर्शातच तोडते, कमी धार त्याला ढकलत नेते. रक्तवाहिनीही याच पद्धतीने वागते, म्हणून ही परीक्षा मला सर्वांत खरी वाटते. नव्या वेष्टनातून काढलेले ब्रॉडहेड या परीक्षेत नापास होताना अनेकदा दिसते. पोलाद गंजणारे असेल तर धारेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा, आणि पावसात भिजल्यावर त्याच संध्याकाळी पुसून पुन्हा पट्ट्यावर फिरवावे.

नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून परवाना घेताना त्या वर्षीची पुस्तिका वाचणे अनिवार्य आहे. कोलोरॅडोत ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद आणि किमान दोन पोलादी धारांचे असावे लागते. मी सुचवलेली दोन्ही त्यात बसतात. काही ठिकाणी पात्याची मागची कड काट्यासारखी मागे वळलेली चालत नाही, तर काही ठिकाणी विशिष्ट प्राण्यांसाठी मेकॅनिकल ब्रॉडहेडवर निर्बंध असतात.

मूससाठी वेगळे ब्रॉडहेड घ्यावे लागेल का? नाही. मूस आकाराने प्रचंड असला तरी त्याच्या छातीत हाच बाण पुरेसा खोल जातो, आणि फुप्फुसांचे लक्ष्य एल्कपेक्षाही मोठे आहे. मात्र बाण लागल्यावर मूस पुष्कळदा तेथेच उभा राहतो, जणू काही झालेच नाही; अशा वेळी शक्य असेल तर दुसरा बाण सोडावा. आफ्रिकेतल्या केप म्हशीसारख्या प्राण्याची गोष्ट निराळी आहे. तेथे बरगड्या जाड आणि एकमेकींना लागून असतात, आणि तेथे ७०० ग्रेन व त्यापुढचा बाण, अरुंद दोन पात्यांचे जाड ब्रॉडहेड आणि ७० पौंडांच्या वरचे धनुष्य यांच्याखाली उतरणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पारंपरिक लाँगबो किंवा रिकर्व्ह वापरणाऱ्यांनी एल्कसाठीही लांबट दोन पात्यांपलीकडे जाऊ नये. सेकंदाला १७५ फूट वेगाच्या ५०० ग्रेनच्या बाणाचा संवेग ०.३९ च्या आसपास असतो आणि रुंद काप त्याला झेपत नाही.

ब्रॉडहेड कितीही चांगले असले तरी बाण सोडण्याचे कोन त्यामुळे वाढत नाहीत. प्राणी आडवा किंवा थोडा पाठमोरा तिरका उभा असावा. पाठमोऱ्या तिरक्या स्थितीत नेम पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेवर धरावा, म्हणजे बाण जाड हाड टाळून दोन्ही फुप्फुसांतून जातो. तोंड आपल्याकडे करून तिरक्या उभ्या असलेल्या एल्कवर मी बाण सोडत नाही, आणि बळकट ब्रॉडहेड हातात आहे म्हणून आपणही सोडू नये. एल्कला हाक घालून बोलावले की तो नेमका असाच, समोरून, येतो. त्याने वळण्याची वाट पाहणे हाच त्यावर उपाय. बाण आरपार गेला तर त्यावरचे रक्त वाचावे. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे, तेव्हा अर्धा तास थांबावे. गडद तांबडे यकृताचे, तेव्हा किमान चार तास. हिरवट घाण किंवा आतड्यांचा वास असेल तर आठ ते बारा तास प्राण्याला उठवू नये.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ब्रॉडहेड फिरवून बसवताना पानाच वापरावा, बोटे नव्हे, आणि भाता असा असावा की सर्व पाती कठीण टोपीत पूर्ण झाकली जातील. प्राणी सोलताना व साफ करताना पोकळीत तुटलेले पाते असू शकते, म्हणून बाण सापडून सगळी पाती मोजून होईपर्यंत हात आंधळेपणाने आत घालू नयेत. सापडलेले ब्रॉडहेड धुऊन पुन्हा तीच फिरवण्याची परीक्षा घ्यावी. अग्र सरळ असेल, सांध्यात थरथर नसेल आणि धार पुन्हा रबर तोडत असेल तर ते पुढच्या शिकारीला खुशाल न्यावे, पण हाडावर किंचितही वाकलेले ब्रॉडहेड ठोकून सरळ करू नये. ते सरावाच्या डब्यात टाकावे आणि भात्यात नवे ठेवावे.